आचाऱ्याचा आचार्य होऊ नये म्हणून

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. "जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय. मराठी लिहायला काहीतरी साधं, हलकं सांगा ना." विचारणाऱ्यांत माझ्यासारखे भाषांतर करून पोट भरणारे असतात, प्रबंधाला बसलेली पोरं असतात. गेल्या वर्षी तर आमच्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. मी उत्तर द्यायच्या आधी दोन गोष्टी विचारते. यंत्र केवढं आहे? आणि लिहून झाल्यावर फाईल कुणाकडे जाणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे हौसेनं देतात. दुसऱ्याला कपाळावर आठी येते. हलकं काय ते विचारलं, तर ही बाई फाईल कुणाकडे जाणार म्हणून कशाला चौकशी करते?

त्याला कारण आहे. माझा पहिला लॅपटॉप म्हणजे दहा इंची पडद्याचं एक बुटकं यंत्र होतं. आत ॲटम प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. लिबरऑफिस या ऑफिस-संचातल्या रायटर या वर्ड प्रोसेसरवर क्लिक करायचं, उठून गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, परत येऊन बघायचं तर तेवढ्यात कुठे पान उघडत असायचं. मग कुणीतरी ॲबीवर्ड नावाचा हलका वर्ड प्रोसेसर सुचवला. क्लिक केलं की पान समोर हजर. मी प्रेमातच पडले.

ॲबीवर्ड आहेही प्रेमात पडण्यासारखं. १९९८ साली सोर्सगिअर नावाच्या कंपनीनं ते सुरू केलं आणि पुढे स्वयंसेवकांनी वाढवलं. नावातलं 'ॲबी' आलंय 'आबिएर्तो' या स्पॅनिश शब्दावरून, म्हणजे मोकळं, उघडं. मुलांसाठी निघालेल्या त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये रॅम अवघी २५६ एमबी होती आणि त्यातलं लिहिण्याचं साधन ॲबीवर्डवरच बेतलेलं होतं. ते लॅपटॉप २००७ साली आपल्याकडे कर्जत तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावरच्या शाळेतही आले होते. लुबुंटू या हलक्या लिनक्सनं वर्षानुवर्षं हाच प्रोग्राम सोबत दिला. २०१८च्या ऑक्टोबरातल्या आवृत्तीपासून मात्र त्यांनीही लिबरऑफिस घेतलं.

तर मी ॲबीवर्डच्या प्रेमात पडले त्या वर्षी एका दिवाळी अंकासाठी लेख भाषांतरित केला. तळटीपा होत्या, दोन कोष्टकं होती. सगळं ॲबीवर्डमध्ये केलं, त्यांनी मागितली म्हणून फाईल वर्डच्या डॉक्स रूपात साठवली आणि पाठवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी अक्षरजुळणी करणाऱ्यांचा फोन. "मॅडम, कोष्टकाच्या जागी सगळे आकडे एकाखाली एक आलेत. असंच ठेवायचंय का?" पाठवण्याआधी ती फाईल दुसऱ्या कुठल्या प्रोग्राममध्ये उघडून बघायचे कष्ट मी घेतले नव्हते, त्यामुळे बोल लावायचा तर स्वतःलाच. संध्याकाळभर फोनवरून एकेक आकडा सांगत बसले. यंत्रावरचं ओझं मी हलकं केलं होतं खरं, पण ते उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं.

तेव्हापासून मी 'फाईल कुणाकडे जाणार' हे विचारते. छापून सही करायची असेल किंवा पीडीएफ पाठवायची असेल, तर ॲबीवर्ड उत्तम. अर्ज, पत्र, सूचना, घरच्या कार्याची यादी, काय हवं ते लिहा. पण समोरचा माणूस त्याच फाईलमध्ये लाल रंगात दुरुस्त्या करून परत पाठवणार असेल, तर मुकाट्यानं रायटर घ्या.

"पण ते जड आहे हो!"

अर्धंच खरं आहे. एक प्रयोग करा. रायटर उघडा, किती वेळ लागतो बघा. बंद करा आणि लगेच पुन्हा उघडा. दुसऱ्यांदा झटकन उघडलं ना? डिस्कवरून एकदा वाचलेल्या फायली लिनक्स मोकळ्या रॅममध्ये धरून ठेवतं, म्हणून. म्हणजे दुखणं रायटरचं नाही, डिस्कच्या तबकडीचं आहे. तिच्या जागी साधी एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली डिस्क, बसवून घ्या. माझ्या त्या बुटक्या यंत्रानं एवढ्या एका बदलावर पुढे चार वर्षं काढली. दुसरं असं की, रायटर चालू असताना ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये कोण किती रॅम खातंय ते पाहा. लोक हलका वर्ड प्रोसेसर शोधायला निघतात आणि शोधताना ब्राउझरमध्ये पंधरा टॅब उघडून ठेवतात, याची मला गंमत वाटते.

आणखी एक. रायटर लागतो म्हणून अख्खं लिबरऑफिस घ्यायला हवं असं नाही. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या घराण्यात रायटरचं पॅकेज वेगळं मिळतं. सादरीकरणं, चित्रं, डेटाबेस यांचे प्रोग्राम डिस्कवर नसले तरी लेख लिहिताना काही अडत नाही. ऑप्शन्समध्ये 'ॲडव्हान्स्ड' पानावर जावाची खूण असेल तर काढून टाका, रोजच्या लिखाणाला जावा लागत नाही. आणि तिथेच 'लोड-सेव्ह'च्या पानावर आपोआप साठवण्याची मुदत १० मिनिटांची असते, ती ३ करा. आमच्याकडे जूनपासून वीज दहा मिनिटं सलग टिकली तरी शेजारीपाजारी कौतुक करतात.

आता मुख्य मुद्दा. इंग्रजीत लिहिणाऱ्याला कुठलाही प्रोग्राम चालतो. आपलं तसं नाही. आपल्याला हलकं हवं, पण हलक्या प्रतीचं चालत नाही, कारण आचारी आणि आचार्य यांच्यात फरक करावा लागतो. 'आचाऱ्यांना बोलवा' आणि 'आचार्यांना बोलवा' यांतला घोळ लग्नाच्या मांडवात परवडणारा नाही. म्हणून मी नवीन प्रोग्राम दिसला की त्यात एकच वाक्य लिहून बघते:

'आचाऱ्यांनी आचार्यांना दऱ्याखोऱ्यांतून आणलेल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात कृष्णाकाठची वांगी शिजवून वाढली नि भुकेचा ऱ्हास झाला.'

वाक्य येडबंबू आहे, पण त्यात सगळी नाठाळ अक्षरं आली आहेत. लिहून झाल्यावर बाणाच्या कळीनं एकेका अक्षरावरून कर्सर फिरवा. तो जोडाक्षराच्या पोटात अडकून बसतो का? मग 'कृष्णा'पुढे उभे राहून बॅकस्पेस दाबा. नुसता काना गेला पाहिजे, अख्खं 'ष्णा' गेलं तर रोजच्या दुरुस्तीत जीव मेटाकुटीला येतो. मग टंक बदला, ठळक करा, साठवा, बंद करा, पुन्हा उघडा. एवढ्यातून आचारी आचारीच राहिला, तर तो प्रोग्राम आपला.

इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर 'ऱ्य' काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, एवढंच. पण हेच अक्षर दुसऱ्या वाटेनंही निघतं: साधा र, हलन्त, मग जोडणारं एक अदृश्य चिन्ह आणि य. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, शोधणाऱ्या यंत्राला नाही. एका पुस्तकाच्या भाषांतरात मी सगळीकडे 'कऱ्हाड' लिहिलं होतं, प्रकाशकांना 'कराड' हवं होतं. शोधा आणि बदला, एक मिनिटाचं काम. मुद्रितं आली तर निम्मी कऱ्हाडं जिथल्या तिथे. काही प्रकरणं मी प्रवासात फोनवर लिहिली होती आणि फोनचा कीबोर्ड दुसऱ्या वाटेनं जाणारा निघाला. हा दोष कुठल्याच वर्ड प्रोसेसरचा नाही. पण तेव्हापासून मी काम संपलं की दोन्ही प्रकारचा ऱ शोधून एकाच प्रकारचा करून घेते, पापडाच्या लाट्या मोजाव्यात तसा.

रायटरमध्ये मराठीसाठी एक जागा मुद्दाम दाखवावी लागते, कारण ती आपली आपण कुणालाच सापडत नाही. ऑप्शन्समधल्या भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' असं भारदस्त नाव दिसेल. देवनागरी, अरबी, थाई या सगळ्यांना तिथे एका पंगतीत बसवलंय. तिथे बहुतेकदा हिंदी निवडलेली असते. मग होतं असं की, हिंदीचा शब्दकोश टाकलेला असला तर 'आहे'खालीसुद्धा तांबडी नागमोडी रेघ येते आणि नवा माणूस घाबरून शुद्धलेखन तपासणीच बंद करून टाकतो. तिथे मराठी निवडा, मराठीचा शब्दकोश टाका. टंकही या गटासाठी वेगळा निवडावा लागतो. इंग्रजीचा टंक बदलून मराठी अक्षर का बदलत नाही म्हणून तासभर डोकं फोडलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांतली एक मीच.

भाषा मराठी निवडली की आणखी एक छोटं सुख मिळतं. पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठीची वळणं. ६ नोव्हेंबर २००९च्या शासननिर्णयात तीच प्रमाण धरली आहेत. काही टंकांत हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं भरलेली असतात, आणि मजकुराची भाषा पाहून टंक योग्य ते वळण पुढे करतो. भाषेची खूण बदलल्याबरोबर पानावरचे सगळे ल एका क्षणात पाकळ्या उघडतात. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खूण उगाच चार वेळा मागेपुढे करून बघितली होती.

इतकं सगळं सांगून झाल्यावर कबूल करते, की पहिला खर्डा मी रायटरमध्ये लिहीतच नाही. माऊसपॅडमध्ये लिहिते. एक्सएफसीई डेस्कटॉपबरोबर येणारा हा साधा टेक्स्ट एडिटर. ना ठळक, ना तिरपं, ना समास. रूप सजवायची सोयच नसल्यानं माणूस वाक्याकडे बघतो. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, तरी लाखभर शब्दांची कादंबरी दोनेक एमबीत मावते, म्हणजे फोननं काढलेल्या एखाद्या फोटोएवढी जागा. शब्द मोजायला टर्मिनलमध्ये डब्ल्यूसी ही दोन अक्षरी आज्ञा आहे. खर्डा पक्का झाला की मजकूर रायटरमध्ये नेते आणि तिथे त्याला कपडे घालते. साध्या मजकुरात घालायच्या मार्कडाउनच्या खुणा आणि त्यांचं रूपांतर करणारा पॅनडॉक हा प्रोग्राम वापरून हे काम आणखी नेटकं होतं, पण ज्याला हलकं हवंय त्याच्यापुढे मी ते ताट वाढत नाही.

फोकसरायटर नावाचा एक प्रोग्राम आहे, अख्खा पडदा व्यापून बाकी सगळं झाकणारा. चांगला आहे, रायटरच्या ओडीटी रूपातही फाईल साठवतो. त्यात टाइपरायटरचा खटखटाट ऐकू येण्याची सोय आहे, ती मी दुसऱ्या मिनिटाला बंद केली. पत्र्यावर पाऊस वाजत असताना आणखी आवाज कशाला? ओन्लीऑफिस नावाचा ऑफिस-संच आहे, तो डॉक्स फायली छान सांभाळतो, पण हलक्याच्या यादीत मी तो धरणार नाही. ब्राउझरमध्ये लिहिणं म्हणजे वर सांगितलेला तोच ब्राउझर, शिवाय रेंज हवी.

फाईल साठवताना मूळ प्रत ओडीटीतच ठेवा. डॉक्स फक्त पाठवण्यापुरती. ओडीटी हे २००६पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण मी सांगते ते त्यासाठी नाही. ओडीटी फाईल म्हणजे खरं तर झिप केलेलं एक गाठोडं असतं. एकदा वीज गेली आणि परत आल्यावर माझी एक फाईल काही केल्या उघडेना. तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं, गाठोडं सोडलं, आत कंटेंट नावाची एक्सएमएल फाईल होती. ती माऊसपॅडमध्ये उघडली. कोनदार कंसांच्या जंगलात माझं एकेक वाक्य धडधाकट उभं होतं. तळटीपांसकट. ॲबीवर्डच्या स्वतःच्या फायलीला तर गाठोडंही नसतं, ती सरळ कुठल्याही एडिटरमध्ये वाचता येते.

ग्रंथपालांचं सांगायचं राहिलं. वाचनालयातला संगणक १ जीबी रॅमचा, प्रोसेसर ३२ बिटचा. डेबियननं २०२५च्या ऑगस्टात १३वी आवृत्ती काढली तेव्हा अशा यंत्रांवर नव्यानं बसवायची सोय बंद केली, म्हणून अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स बसवलं. वर ॲबीवर्ड. त्यांच्या फायली कुणाकडेच जात नाहीत; स्मरणपत्रं छापायची, सूचना फलकावर लावायच्या. माझं वाक्य त्यांनी स्वतः टाइप करून पाहिलं आणि वांगी कुठली म्हणून विचारलं. पंधरा दिवसांनी पुन्हा तक्रार घेऊन आले, की हेही फार हळू चालतंय. जाऊन बघितलं, तर आठशे वर्गणीदारांची यादी, नाव, पत्ता, अनामत, बाकी, असं सगळं एकाच कोष्टकात पस्तीस पानं भरून ठेवलेलं. पूर्वी ते वर्डमध्येही असंच करायचे म्हणे. ती यादी उचलून ग्नुमेरिक या स्प्रेडशीटच्या प्रोग्राममध्ये नेऊन ठेवली. बाकीची बेरीज आपोआप होते हे बघून त्यांनी आधी कॅल्क्युलेटरवर ती पडताळून घेतली, मग मला चहा मागवला.