बॉर्नचा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे का?

दोन्ही सिनेमे अजून पाहिले नसतील तर आधी ते पाहून घ्या. पुढे एकही रहस्य राखून ठेवलेलं नाही.

'द बॉर्न आयडेंटिटी' (२००२) आणि 'द बॉर्न सुप्रीमसी' (२००४) ही जोडी तुलनेला फार सोयीची आहे, कारण पडद्यामागची बरीच माणसं दोन्हीकडे तीच आहेत. पटकथेवर टोनी गिलरॉय (पहिल्यात जोडीला विल्यम ब्लेक हेरन), कॅमेऱ्यामागे ऑलिव्हर वूड, संगीत जॉन पॉवेलचं, नायक मॅट डेमन. बदलल्या त्या मुख्यतः तीन खुर्च्या. दिग्दर्शन डग लायमनकडून पॉल ग्रीनग्रासकडे गेलं. संकलन सार क्लाइनकडून ख्रिस्तोफर राउज आणि रिचर्ड पिअरसन यांच्याकडे आलं. आणि पाठलागांचं मोठं काम ज्यांच्या हाती असतं त्या सेकंड युनिटची सूत्रं अलेक्झांडर विटऐवजी डॅन ब्रॅडलीने घेतली. ही शेवटची दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे. कथेत थोडा सरस, मारामारीत उणा, गाडीच्या पाठलागात वरचढ. पण लोक त्याचं श्रेय (किंवा दोष) ज्या हलत्या कॅमेऱ्याला देतात, तो या हिशेबात दुय्यम आहे. खरं काम पटकथेने केलंय.

पहिला भाग 'मी कोण?' या एका प्रश्नावर चालतो. मच्छीमारांनी समुद्रातून ओढून काढलेला माणूस, पाठीत दोन गोळ्या, कमरेच्या कातडीखाली झुरिकच्या बँक खात्याचा नंबर. डोक्याला काही आठवत नाही, पण शरीराला सगळं येतं. रस्त्याकडेच्या खाणावळीत तो मारीला, म्हणजे त्याला गाडीने पॅरिसला नेणाऱ्या तरुणीला सांगतो, की बाहेरच्या सहाही गाड्यांचे नंबर त्याला पाठ आहेत, वाढणारी बाई डावखुरी आहे, काउंटरवरच्या माणसाचं वजन २१५ पौंड आहे, आणि या उंचीवर हात थरथरायला लागण्याआधी तो अर्धा मैल पूर्ण वेगाने धावू शकतो. मग विचारतो, हे मला कसं माहीत? एकही गोळी न झाडता पात्र उभं करणारा इतका नेटका प्रसंग हेरपटांत क्वचित सापडतो.

अडचण अशी, की सिनेमा संपेपर्यंत या प्रश्नाचं उत्तर मिळून जातं. तो सीआयएच्या ट्रेडस्टोन नावाच्या गुप्त कार्यक्रमाचा मारेकरी होता. वोम्बोसी या पदच्युत आफ्रिकी हुकूमशहाला मारायला गेला असता त्याच्या बोटीवर समोर लहान मूल दिसलं आणि त्याच्याने गोळी झाडवली नाही. कुलूप उघडलं. बहुतेक सिक्वेल नेमके इथे अडकतात. उघडलेलं कुलूप पुन्हा लावून तीच किल्ली फिरवत बसतात, नाहीतर नुसता शत्रू मोठा करतात.

गिलरॉयने प्रश्नच बदलला. दुसऱ्या भागात बॉर्नला छळतं ते 'मी काय केलं?' बर्लिनच्या एका हॉटेलात त्याने नेस्की नावाच्या रशियन राजकारण्याला मारलं, ऐनवेळी बायको खोलीत आली म्हणून तिलाही मारलं, आणि तिनेच नवऱ्याला मारून आत्महत्या केली असा देखावा रचला. ही त्याची पहिली कामगिरी. तिची नोंद ट्रेडस्टोनच्या कागदांत नाही, फक्त त्याच्या तुटक्या स्वप्नांत आहे. त्यामुळे सिनेमाची सांगताही खलनायकाला मारून होत नाही. पाय लंगडतोय, खांद्यात गोळी आहे अशा अवस्थेत तो मॉस्कोत नेस्कीच्या मुलीसमोर बसतो आणि सांगतो, की तुझ्या आईने हे केलं नव्हतं, मी केलं. अॅक्शनपटाचा कळस माफीवर आणायचा ही मोठी जोखीम होती. ती पेलली गेली, कारण तोवरचा सगळा प्रवास त्याच खुर्चीकडे चाललेला असतो.

रॉबर्ट लडलमच्या १९८६ च्या कादंबरीतून सिनेमाने जवळपास फक्त नाव उचललं. पुस्तकात मारीचं अपहरण होतं आणि गोष्ट हाँगकाँगकडे जाते. सिनेमात ती गोव्यातच मरते. पाठलागात दोघं जागा बदलतात, मारी स्टिअरिंगवर येते, मागावरच्या किरिल या रशियन मारेकऱ्याला हे कळत नाही आणि तो चालकावर नेम धरतो. गाडी पुलावरून नदीत. बॉर्न मेला असं समजून किरिल निघून जातो. म्हणजे एकाच गोळीने नायकाची माणूस म्हणून उरलेली ओळख संपते आणि त्याला लपून हालचाल करायची मोकळीकही मिळते. पटकथेच्या दृष्टीने हा हिशेब निर्दयी आहे, पण चोख.

या मृत्यूचा एक परिणाम सहज लक्षात येत नाही. पहिल्या भागात बॉर्नच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला कळायचं, कारण तो मारीशी बोलायचा. आता बोलायला कुणीच नाही. त्यामुळे सगळं कृतीतून दाखवावं लागतं. नेपल्सचा प्रसंग पाहा. बॉर्न स्वतःच्याच नावाच्या पासपोर्टवर येतो आणि पकडला जातो. ही चूक नाही, आमिष आहे. चौकशीच्या खोलीत अधिकाऱ्याचा फोन वाजेपर्यंत तो गप्प बसतो. मग दोघांना आडवं करून त्या फोनच्या सिमकार्डाची नक्कल काढतो आणि सीआयएचं पुढचं बोलणं थेट ऐकतो. एक वाक्यही न बोलता योजना, तिचा हेतू आणि तिचं फळ आपल्यापर्यंत पोचतं. तोटाही आहेच. पहिल्या भागातली ऊब आणि अधूनमधून येणारा विनोद मारीबरोबर बुडाला आणि परत आला नाही.

आता मारामारी. पॅरिसच्या फ्लॅटमध्ये मारेकरी खिडकी फोडून आत येतो, नंतर त्याच्या हातात सुरी असते आणि बॉर्नच्या हातात साधं पेन. कॅमेरा इथेही हातातच आहे, पण दोन माणसं एकत्र फ्रेममध्ये ठेवतो, आणि पेन कुठे रुतलं ते दिसेपर्यंत शॉट टिकतो. दुसऱ्या भागात म्युनिकच्या घरात यार्डा या ट्रेडस्टोनच्याच मारेकऱ्याबरोबरच्या झटापटीत कल्पना तितकीच फर्मास आहे. गुंडाळलेलं मासिक हत्यार म्हणून, मग वायरने गळा आवळणं, आणि निघताना गॅसची नळी तोडून तेच मासिक टोस्टरमध्ये खुपसणं. पण कोणाचा हात कोणाच्या मानेवर आहे हे अनेकदा कळतच नाही. कट सरासरी दोन सेकंदांच्या आसपास येतात आणि मारामारीत त्याहूनही जलद. फटका सुरू होताना एक शॉट, लागताना दुसरा, आणि दोन्हींत कॅमेऱ्याची बाजू वेगळी. डोळा नवी दिशा जुळवतोय तोवर पुढचा फटका येऊन गेलेला असतो. गोंधळाचा अनुभव मिळतो हे खरं, पण कौशल्य दिसत नाही, आणि बॉर्नच्या मारामारीत बघायचं असतं ते कौशल्य.

मग हीच शैली मॉस्कोच्या पाठलागात का जमते? दोन्ही पाठलाग लागोपाठ लावून बघा, फरक लगेच जाणवेल. पॅरिसमध्ये बॉर्न निघण्याआधी नकाशा बघतो, मारीला विचारतो की गाडीची निगा राखतेस का, टायर जरा ढिले वाटतात. ती म्हणते, गाडी थोडी उजवीकडे ओढते. मग लाल मिनी पायऱ्यांवरून उतरते तेव्हा आपल्याला गाडीची ताकद आणि खोड दोन्ही ठाऊक असतात. चालवणाऱ्याचा सगळ्यावर ताबा आहे, म्हणून शॉटही स्वच्छ आहेत. मॉस्कोत तो जखमी आहे, दुकानातून उचललेल्या व्होडकाने जखम धुतोय, हाताला लागली ती पिवळी व्होल्गा टॅक्सी हाकतोय आणि मागे किरिलची जड मर्सिडीज आहे. ताबा सुटलेल्या माणसाचं दृश्य ताबा सुटल्यासारखं दिसणं इथे अर्थाला धरून आहे.

शिवाय ब्रॅडलीच्या मंडळींनी 'गो-मोबाइल' वापरली. ही स्वतःच्या इंजिनावर धावणारी खुजी चौकट. तिच्यावर गाडीचा सांगाडा बसवतात आणि खरा चालक, म्हणजे स्टंटमन, बाहेर वेगळ्या जागी बसतो. नट स्टिअरिंगमागे मोकळा राहतो आणि कॅमेरा त्याच्या अगदी जवळ लावता येतो. म्हणून धडक बसते तेव्हा डेमनचा चेहरा, काच आणि बाहेरची गाडी एकाच शॉटमध्ये दिसतात. हादरा कट करून बनवलेला नाही, तो चित्रीकरणातच आहे. म्युनिकमध्ये नेमकं हेच नव्हतं.

आता ती दोन नावं. विटने 'कसिनो रोयाल' (२००६) या बाँडपटाचंही सेकंड युनिट सांभाळलं. त्याचा पुढचा भाग 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) आला तेव्हा तिथे ब्रॅडली होता, आणि दोन संकलकांपैकी एक होता रिचर्ड पिअरसन. म्हणजे बाँडपटाने बॉर्नच्या दुसऱ्या भागाची यंत्रणाच भाड्याने आणली. सुरुवातीच्याच पाठलागात ती उघडी पडते. बाँड कुठून कुठे चाललाय, गाड्या किती, कोण कोणाच्या मागे, काही नीट लागत नाही. १४४ मिनिटांच्या सिनेमानंतर १०६ मिनिटांचा सिक्वेल, आणि तरी तोच लांबल्यासारखा वाटतो. पटकथा हॉलिवूडच्या २००७-०८ च्या लेखक-संपात सापडली हे कारण आहेच. पण दुखणं रचनेत आहे. बाँडची प्रेयसी व्हेस्पर हिच्या मृत्यूचा सल हा 'कसिनो रोयाल'ने उरवलेला खरा प्रश्न. तो कझानच्या शेवटच्या छोट्या प्रसंगात निकाली निघतो, आणि मधला सगळा वेळ बोलिव्हियाच्या पाण्यावर डोळा ठेवणाऱ्या ग्रीन या खलनायकामागे जातो. बॉर्नमध्ये उरलेला प्रश्नच मुख्य धागा होता. कॅमेरा तोच, कात्री तीच, फरक तेवढा एकच. (ब्रेगेन्झच्या ऑपेरातला प्रसंग मात्र उत्तम आहे, आणि नेमका तिथेच बाँड बराच वेळ नुसता ऐकत उभा असतो.)

'सुप्रीमसी'च्या खटकणाऱ्या गोष्टीही कमी नाहीत. सीआयएचा अधिकारी ॲबट आतून फितूर आहे हे आपल्याला बॉर्नच्या आधी कळतं. तो आपला सहकारी झॉर्न याला तळघरात संपवतो त्यानंतर कोण गुन्हेगार हे कोडं उरतच नाही, फक्त कधी सापडतो ते पाहायचं. ब्रायन कॉक्सच्या अभिनयावर हा भाग तरून जातो. ग्रेटकोव्ह हा रशियन तेलसम्राट तर नावापुरता आहे. पहिल्या भागातल्या शेतातल्या प्रसंगात क्लाइव्ह ओवेनच्या मारेकऱ्याला मरताना जेमतेम काही वाक्यं मिळाली होती, पण तेवढ्यात तो जितका माणूस वाटला तितका किरिल आख्ख्या सिनेमात वाटत नाही. जोन ॲलनची पामेला लँडी ही मोठी जमेची बाजू. तिच्यामुळे सीआयएच्या खोलीत प्रथमच कोणीतरी प्रामाणिकपणे विचार करताना दिसतं.

न्यूयॉर्कमधला शेवटचा फोन, ज्यात बॉर्न समोरच्या इमारतीतून लँडीला बघत तिला थकलेली दिसतेस म्हणतो, तो प्रसंग प्रदर्शनाच्या अगदी तोंडावर जोडला गेला. मॉस्कोतल्या माफीनंतर हा चटपटीत शेवट किंचित हलका वाटतो. पण 'द बॉर्न अल्टिमेटम'ने (२००७) त्याचं सोनं केलं. तिसऱ्या भागाची बरीचशी गोष्ट मॉस्को आणि हा फोन यांच्या मध्येच घडते, आणि तेच संभाषण तिथे पुन्हा येतं तेव्हा त्यात लँडीसाठी एक निरोप दडलेला असतो.