जेजुरीला जाताना सासवडला उतरा

पुण्याहून जेजुरी-नारायणपूरला जाणारी बहुतेक मंडळी सासवडला चहा घेतात आणि पुढे निघतात. पुण्यापासून जेमतेम ३० किलोमीटरवरच्या या गावासाठी अर्धा दिवस तरी राखून ठेवा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आम्ही स्वारगेटहून एसटीने गेलो. जेजुरीकडच्या बऱ्याच गाड्या सासवडवरूनच जातात. दिवे घाट चढताना खाली मस्तानी तलाव दिसतो, त्यामुळे खिडकी मिळाली तर उत्तम. स्वतःची गाडी असेल तर कोंढव्याहून बोपदेव घाटाचाही रस्ता आहे. सुट्टीच्या दिवशी दिवे घाटात हमखास कोंडी होते.

उतरल्यावर आधी संगमेश्वर गाठा, उन्हं चढायच्या आत. दुपारी दगडी फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. कऱ्हा आणि चांबळी नद्यांच्या संगमावर हे शिवमंदिर आहे. पायऱ्या चढून गेलं की समोर नंदी आणि फरशीत कोरलेलं कासव. पाऊस बरा झाला असेल तर खाली नदीला पाणी असतं. म्हणून श्रावण ते दिवाळी हा काळ सगळ्यात चांगला. नारायणपूर रस्त्यावरचं चांगावटेश्वरही कऱ्हेकाठीच आहे. तिथल्या दगडी खांबांवरचं कोरीवकाम घाईत बघू नका.

सोपानदेवांनी समाधी घेतली ती इथेच, १२९६ साली, ज्ञानेश्वरांच्या मागोमाग महिन्याभरात. मंदिरात वारकऱ्यांची ये-जा असते. आम्ही सभामंडपात बराच वेळ नुसते बसून होतो. आषाढी वारीत माउलींची पालखी सासवडला मुक्कामी असते आणि सोपानकाकांची पालखी इथूनच पंढरपूरला निघते. त्या दिवसांत दिवे घाट वाहनांना बंद असतो. वारी बघायची नसेल तर तेवढे दिवस टाळा.

मला सगळ्यात भावला तो गावातला पुरंदरे वाडा. दरवाजाच्या दोन्ही अंगांना एवढे भक्कम बुरूज, की शनिवारवाडाच आठवतो. पण शनिवारवाड्याचा पाया १७३० चा. त्याआधी पेशव्यांचा कारभार हलायचा तो सासवडहून. बाळाजी विश्वनाथ गेले ते इथेच, एप्रिल १७२० मध्ये, आणि त्यांची समाधीही इथेच आहे. पुण्यात पेशवाईच्या खुणा शोधत फिरणाऱ्यांनी इथे यायलाच हवं. वाडा खाजगी आहे, तेव्हा बाहेरूनच बघा, आणि परवानगीशिवाय आत शिरू नका.

वेळ उरलाच तर सोनोरीचा मल्हारगड करा. किल्ला छोटा, चढही सोपा. पुरंदर किल्ला मात्र यात कोंबू नका, त्याला वेगळा दिवस हवा. शिवाय तो लष्कराच्या ताब्यात असल्याने मूळ ओळखपत्र जवळ लागतं.

परतताना अंजीर घ्या. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी गोड बहार येतो, पावसाळ्यानंतर सीताफळं. अंजीर पिकलेलं असेल तर त्याच दिवशी खा. पुण्यापर्यंत न्यायचं असेल तर थोडं कडक बघून घ्या आणि पिशवीत सगळ्यात वर ठेवा.