सह्याद्रीत एकटी फिरतेस, मग लडाखला गाईड कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून...

लडाखमधल्या मारखा व्हॅलीचे फोटो टाकले की हा प्रश्न येतोच. क्लबातली पोरं चेष्टेत विचारतात, नणंद जरा टोमण्यात विचारते, पण मुद्दा तोच, की एवढी वर्षं सॅक पाठीवर मारून गडकिल्ले पालथे घालतेस, गुहेत झोपतेस, मग लडाखला जाताना गाईड, कुक, घोडे, जेवायला वेगळा तंबू, हा सगळा लवाजमा कशाला? वाट तर म्हणे नदीकाठाने सरळ जाते.

वाट सरळ आहे हे शंभर टक्के खरं. चिलिंगला झांस्कर नदी ओलांडायची, मग मारखा नदीच्या काठाने स्क्यू, मारखा, हांकर असं चढत चढत निमालिंगच्या कुरणावर जायचं आणि कोंगमारू ला ही खिंड पार करून पलीकडे शांग सुमदोला उतरायचं. दोन्हीकडे उघडेबोडके डोंगर, मधे दरी, चुकायचं म्हटलं तरी चुकणार कुठे? शिवाय गाडीरस्ता आत आत सरकतोय, त्यामुळे पहिला टप्पा हल्ली बरेच जण गाडीनेच उरकतात. नुसती वाट दाखवायला माणूस हवा असता तर मीही घेतला नसता. आणि आपण तरी कुठे नेहमी एकटे असतो, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड करायचा असला की गावातला एखादा मामा पुढे घालतोच ना.

खरं कारण आहे पाणी. आपल्याकडे ओढा कधी भरणार हे आभाळाकडे बघून कळतं, घाटमाथ्यावर काळं झालं की आपण पटापट पलीकडे होतो. तिथे सगळं उलटं. कडक ऊन पडलंय, आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि दुपारी नदी चढते! वरचं बर्फ उन्हाने वितळतं, ते पाणी खालपर्यंत यायला काही तास लागतात, म्हणजे सकाळी जिथे गुडघाभर पाणी असतं तिथेच दुपारनंतर मांडीच्या वर येतं, तेही गढूळ, तळाचे दगड गडगडवत नेणारं. रात्री वर सगळं गोठलं की पाणी पुन्हा उतरतं. काही ठिकाणी पूल झालेत, पण मारखा गावाच्या आसपास आम्हाला पाण्यात उतरावंच लागलं. सह्याद्रीतली माझी सगळी अक्कल इथे कामाची नव्हती, कारण ती पावसावर पोसलेली आहे.

आमचा गाईड पन्नाशीचा, सगळे त्याला आचो म्हणायचे, तिकडे मोठ्या भावाला आचो म्हणतात. आदल्या संध्याकाळी तंबू लागत होते तेव्हा हा एकटाच नदीवर गेला आणि पाण्याच्या अगदी कडेला एक पांढरा चपटा दगड ठेवून आला. मी विचारलं तर म्हणाला, "दीदी, सुबह देखेंगे." पहाटे जाऊन बघितलं तर दगडापासून पाणी चांगलं हातभर मागे गेलेलं. तेवढ्यावर त्याने चहासुद्धा पलीकडे जाऊन प्यायचा असं फर्मान काढलं, मग काय, कुडकुडत बूट काढले, सॅंडल घातल्या. सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे पडलोच तर सॅक टाकून देता येते. एकमेकांचे दंड धरायचे, तोंड प्रवाहाकडे आणि पाय उचलायचे नाहीत, सरकवायचे. पाणी इतकं गार की आधी दुखतं आणि मग पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही. मधे पोचल्यावर आमच्यातल्या एकाला फोटो सुचला. आचोने लडाखीत जे काही सुनावलं ते समजायला लडाखी यायची गरज नव्हती.

त्याच दिवशी दुपारी वरच्या अंगाला जेवायला थांबलो तेव्हा खाली नदीचा आवाजच बदललेला होता. मग लक्षात आलं की पहाटे उठवणं, दुपारच्या आत कॅम्पला पोचवणं, हे सगळं टाइमटेबल नदीने लावलेलं असतं, आपण उगाच आचोला हेडमास्तर म्हणत होतो.

बरं, पाऊस नसतोच असंही नाही. लेहला वर्षभरात मिळून साधारण 100 मिलीमीटर पडतो, आपल्या घाटमाथ्यावर जुलैत एखाद्या दिवसात तेवढा होतो. पण डोंगरावर ना झाड ना गवत, नुसती माती आणि मुरूम, त्यामुळे थोडा जोराचा आला तरी सगळं घसरत खाली येतं. ऑगस्ट 2010 मध्ये लेहला रात्रीत ढगफुटी झाली त्यात दोनशेच्या वर माणसं गेली. म्हणूनच कोरड्या नाल्याच्या तोंडाशी सपाट, सुंदर, वाळूची जागा दिसली आणि आम्ही म्हटलं इथेच तंबू टाकू, तर आचो काही न बोलता पुढे चालत राहिला.

दुसरं कारण उंची. आपलं कळसूबाई 1,646 मीटर. लेह गावच साधारण 3,500 वर, म्हणजे विमानातून उतरलात की दोन कळसूबाईंपेक्षा उंच आहात. कोंगमारू ला 5,200 च्याही वर, तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम निम्मा. इथे फिटनेसचा माज चालत नाही, उलट फिट पोरंच जास्त अडचणीत येतात कारण ती भराभर चढतात. आमच्यात एक मॅरेथॉन पळणारा होता. थाचुंगत्से, म्हणजे निमालिंगच्या अलीकडचा कॅम्प, तिथे रात्री त्याचं डोकं दुखत होतं पण पठ्ठ्याने कोणाला सांगितलं नाही. आचोला कसं कळलं? ताटावरून! रोज जेवताना हा माणूस कोण किती खातोय ते बघत बसायचा, मला आधी वाटलं कुकच्या स्वयंपाकाची काळजी आहे. पण भूक मेली की समजायचं अंगाला उंची लागतेय. ऑक्सिमीटर लावला, पाणी पाजलं, आणि सकाळी जाहीर केलं की आज पुढे जायचं नाही. दोघा-तिघांनी तोंडं वाकडी केली, रजा संपतेय वगैरे. आचो म्हणाला, पहाड कहीं नहीं जाता. दुसऱ्या दिवशी गडी ठणठणीत आणि मग सगळेच वर गेलो. सोबत असा माणूस नसता तर आम्ही काय केलं असतं ते मला चांगलं माहितीये, डोकेदुखीची गोळी देऊन त्याला निमालिंगला चढवला असता. आणि तिथे रात्री कोणाला धाप लागली तर उपाय एकच, अंधारात का होईना, खाली उतरवणं. तेव्हा घोडा आणि वाट माहीत असलेला माणूस लागतो, व्हॉट्सअॅप ग्रुप कामाला येत नाही, तसंही रेंज नसते.

घोड्यांवरून फार बोलतात लोक. आपल्याकडे संध्याकाळी वाडीत पोचलो की पिठलं-भाकरी मिळते आणि गडावर टाक्यात पाणी असतं, तिथे मधल्या गावांत मोजकी घरं, जळण तर नाहीच, चार झुडपं तोडून चूल पेटवली तर ती पुन्हा उगवायला कित्येक वर्षं जातील. सगळं रॉकेल, गॅस, धान्य पाठीवरूनच न्यायचं. वीस किलो घेऊन त्या हवेत चालणारे असतीलही, मी नाही. रोज सकाळी तंबूच्या चेनबाहेरून "दीदी, चाय" अशी हाक यायची त्याची मात्र लाज वाटायची, शेवटी मी लवकर उठून किचन टेंटमध्येच जाऊन बसायला लागले. तिथेच खंबीर रोटी भाजताना बघितली आणि गुरगुर चाय प्यायला शिकले, लोणी-मिठाचा चहा, पहिला घोट चहा समजून घेतलात तर संपलंच, सूप समजून घ्या.

आणि गावं! दोन तास राखाडी-तांबडं बघून डोळे थकले की एकदम हिरवं दिसतं, सातूची शेतं, पॉप्लर आणि विलोची झाडं. ते सगळं पाटाच्या पाण्यावर, पावसावर काहीच नाही. पाटाला युरा म्हणतात, आणि पाण्याची पाळी ठरवायला गावाने माणूस नेमलेला असतो, चुरपोन. आम्ही चालत होतो तेव्हा एक आजी फावड्याने दोन ढेकळं इकडची तिकडे करून पाणी शेजारच्या वाफ्यात वळवत होत्या. अगदी आपल्याकडे दारं धरतात तसंच. मी मराठीतच म्हटलं, आजी, बारी कितीची? आजी जुले, म्हणजे नमस्कार, म्हणाल्या आणि हसल्या.

मग विनागाईड जाऊच नये का, असा पुढचा प्रश्न असतो. तसं काही नाही. मारखात होमस्टे आहेत, गावागावात राहत, तंबूबिंबू न नेता लोक जातात, त्यांनाही मी नावं ठेवत नाही. उलट गावात चार पैसे जास्त राहतात. पण पहिल्यांदा जाताय, उंचीचा अनुभव नाही, तर लडाखी माणूस सोबत घ्याच. बुकिंग करताना ब्लूटूथ स्पीकर, बोनफायर असली आमिषं दाखवणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. कंपनीला एवढंच विचारा: लेहला चालायच्या आधी किमान दोन रात्री आहेत ना, मधे रिकामा दिवस ठेवलाय का, मारखा आणि निमालिंगच्या मधे मुक्काम आहे का, आणि आज थांबायचं की निघायचं हे गाईड ठरवणार की ऑफिसात बसलेला कोणी. शेवटच्या प्रश्नावर तो अडखळला तर दुसरी कंपनी बघा. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही ते डॉक्टरला विचारा, मला नाही.

आणि नणंदेसाठी खास: हो, टॉयलेट टेंट असतो. निमालिंगला ऑगस्टमध्येही रात्री पाणी गोठू शकतं, तेव्हा हेडटॉर्च आणि मोबाइल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपा, थंडीत बॅटरी बसते आणि तंबूंच्या दोऱ्या अंधारात दिसत नाहीत.