आईबाबा साताऱ्याहून, आम्ही लीड्सहून: एकाच सहलीच्या दोन फायली

आईबाबा उन्हाळ्यात आमच्याकडे लीड्सला येणार हे ठरलं, तेव्हा बाबांनी फोनवर एकच गोष्ट मागितली. "पॅरिस दाखवलं नाहीस तरी चालेल, मला न्यूव्ह शापेलला ने." बाबा बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून निवृत्त झालेत. ऑक्टोबर 1914 मध्ये याच दलाच्या, म्हणजे तेव्हाच्या खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या 47 व्या शीख पलटणीबरोबर उत्तर फ्रान्समधल्या या गावावर चालून गेल्या होत्या. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर पडलेल्या, पण ज्यांची कबरसुद्धा सापडली नाही अशा भारतीय जवानांचं स्मारक तिथे आहे. 1927 साली त्याचं उद्घाटन झालं.

म्हणजे फ्रान्सचा व्हिसा आला. आणि इथे पहिली गोष्ट, जी मला जमेल तितक्या लोकांना सांगायची आहे. "आईवडील इंग्लंडला आले की इथूनच शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) काढू" हे डोक्यातून काढून टाका. शेंगेनचा अर्ज तुम्ही जिथे कायदेशीररीत्या राहता तिथूनच करायचा असतो. आम्ही लीड्सला राहतो, नोकरीचा व्हिसा आहे, म्हणून आम्हाला मँचेस्टरचं व्हिसा अर्ज घेणारं सेंटर. आईबाबा इथे पाहुणे. त्यांचं घर साताऱ्यात, म्हणून त्यांचा अर्ज भारतातून, आमच्या बाबतीत पुण्यातून. सबळ कारण असेल तर पाहुण्यांचा अर्ज घेण्याची सोय नियमात आहे, पण सहलीच्या भरवशावर कुणी ती गृहीत धरू नये.

दुसरी अडचण पासपोर्टची. तो एकच, आणि आईबाबांच्या वेळी दोन्ही व्हिसांसाठी जमा करावा लागला. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपासून मागता येतो आणि साधारण तीन आठवडे घेतो. शेंगेनचा अर्ज निघायच्या निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, निर्णयाला पंधरा दिवस धरायचे, आणि तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. आधी ब्रिटनचा काढायचा, कारण फ्रान्सहून परत लीड्सलाच यायचं होतं आणि तसं यायची परवानगी हातात आहे हे फायलीत दिसायला हवं. हे सगळं त्या तीन महिन्यांत बसवायचं. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडून ठेवलं होतं, आणि अपॉइंटमेंट मिळेपर्यंत रोज सकाळी आधी साइट बघायची, मग चहा.

आमची फाइल त्या मानाने सोपी. पगाराच्या स्लिपा, रजेच्या तारखांसह ऑफिसचं पत्र, बँक स्टेटमेंट. रेसिडेन्स परमिटचं कार्ड आता राहिलेलं नाही, ई-व्हिसा आहे. त्याचा शेअर कोड, म्हणजे आमचा व्हिसा ऑनलाइन तपासता येईल असा कोड, काढून प्रिंट जोडली. हा कोड नव्वद दिवसच चालतो. मोठ्यांची फी 90 युरो, 2024 च्या जूनपासून. मुलगी सहा वर्षांखालची, तिला फी नाही, बोटांचे ठसेही नाहीत, पण अर्जावर आईवडील दोघांची सही लागते. बेल्जियममधलं ईपर जवळच, तेही बघायचं होतं. पण फ्रान्समध्ये मुक्कामाच्या रात्री जास्त, म्हणून सगळ्यांचा अर्ज फ्रान्सकडेच. विमा किमान 30,000 युरोचा हवा. आईबाबांचा भारतातूनच घेतला, ब्रिटन आणि शेंगेन दोन्ही धरून.

खरा वेळ गेला तो बाबांच्या कव्हरिंग लेटरवर. त्यांनी ते आधी मराठीत, फुलस्केप कागदावर लिहिलं आणि मला व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं. नोकरीची वर्षं, पेन्शन, साताऱ्यातलं घर, आणि मग: "माझ्या कोअरचे जवान जिथे लढले ती जागा पाहावी ही इच्छा आहे." ओळखीतल्या एका एजंटने ते वाक्य खोडायला सांगितलं. लढाई, लष्कर असं काही नको म्हणे, नुसतं 'साइट सीइंग' लिहा, आणि हॉटेलचं डमी बुकिंग मी देतो. मी दोन्हीला ठाम नाही म्हटलं. सेंटरमधली माणसं फक्त कागद घेतात. निर्णय वकिलातीत होतो, आणि तिथल्या माणसाला तुम्ही बहुधा दिसतही नाही. त्याच्यासमोर असते फक्त फाइल. साताऱ्याचे निवृत्त सुभेदार न्यूव्ह शापेलजवळच्या लील शहरात मुक्काम का करताहेत, याचं उत्तर त्या एका ओळीत होतं. ती काढली असती तर लीलचं हॉटेल आणि लंडन-लील युरोस्टार रेल्वेची तिकिटं कोड्यात टाकणारी वाटली असती. मी फक्त त्याचं इंग्रजी केलं, आणि आमच्या पत्रात तीच कारणं, त्याच तारखा घातल्या. दोन फायली दोन देशांतून जाणार, पण सहल एकच आहे हे कुठूनही उघडलं तरी कळायला हवं.

दोन्हीकडून व्हिसे आले. न्यूव्ह शापेलला गोल भिंतीवर 4,700 हून जास्त नावं पलटणींप्रमाणे कोरलेली आहेत. बाबांनी सॅपर्स अँड मायनर्सची पाटी शोधली आणि एकेक नाव मोठ्याने वाचलं. आई त्यांच्याबरोबर उभी राहून प्रत्येक नावाला हात जोडत होती.

आता पुढचं. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या आणि तिथूनच अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी नियम सैल झालाय: तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, मल्टिपल एंट्रीचा मिळू शकतो. पासपोर्ट आमचाही भारताचाच, पण अर्ज मँचेस्टरहून, म्हणून ही सवलत आम्हाला नाही. मला हे अजिबात पटत नाही. बाबांना मात्र मी बजावलंय, पुढच्या वर्षी पासपोर्ट रिन्यू झाला की जुना जपून ठेवा. पहिला वापरलेला व्हिसा त्यातच आहे, आणि त्यांना आता इटलीत मोंते कासिनोला, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या जागी जायचंय.