३८६ ला निरोप

आज दुपारभर लिनक्स कर्नलचा, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, जुना इतिहास चाळत होतो आणि डिसेंबर २०१२ पाशी येऊन थांबलो. इंटेल ३८६ या जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढून टाकणारा बदल. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्सने ज्या प्रोसेसरवर कर्नल लिहायला घेतला, तोच हा! फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून लिनक्स त्यावर चालत नाही.

माझं पहिलं मशीन ३८६ च होतं, काकांच्या ऑफिसातून मोडीत निघालेलं. स्क्रीनवर काढून टाकलेल्या कोडच्या त्या लाल ओळी बघताना भरून आलं.

कारण मात्र पटलं. नंतरच्या ४८६ मध्ये आलेली कंपेअर-अँड-एक्सचेंज सूचना (मेमरीतली किंमत तपासून, जुळली तरच ती एका दमात बदलणारी) ३८६ कडे नाही. शिवाय मेमरीचं एखादं पान फक्त वाचण्यापुरतं राखलेलं असलं, तरी कर्नल स्वतः त्यावर लिहायला गेला तर ही चिप अडवत नाही. म्हणजे एकाच मशीनमध्ये अनेक प्रोसेसर चालवण्यासाठी काही सुधारायचं म्हटलं की हिच्यासाठी दरवेळी वेगळी वाट काढायची. तीही कर्नल सांभाळणाऱ्यांनी, स्वतःच्या वेळातून. ज्यांनी इतकी वर्षं ती काढली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

जुन्या आवृत्त्या आजही डाउनलोड करता येतात. रविवारी माळ्यावरचा ३८६ चा बोर्ड खाली काढतोय.