टक्क्यांचा रकाना

माझ्या अमेरिकेतल्या निवृत्तीखात्याच्या बेनिफिशियरीचा, म्हणजे माझ्यामागे पैसे कुणाला जावेत हे सांगणारा, फॉर्म भरताना टक्क्यांच्या रकान्यापाशी अडलो. मुलांची नावं लिहून झाली, खाली माझ्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे कॉलेजातल्या विद्यार्थी-बंधुमंडळाच्या, फाउंडेशनचं नाव आणि पुढे १०. बेरीज १००च व्हायला हवी, म्हणजे हे १० मुलांच्याच वाट्यातून निघणार. परवा लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, ते लोक तुम्हाला अजून ओळखतात तरी का?"

नाही ओळखत. चॅप्टर हाउसमधली, म्हणजे आमच्या कॉलेजातल्या शाखेच्या घरातली, आत्ताची पोरं मला कुठून ओळखणार? त्या घराने मला काय दिलं, ते आज लिहायला नको. पण मुलांचं काढून परक्यांना देतोय का, हे काही केल्या डोक्यातून जात नाही.

हिशेब मांडला की जरा बरं वाटतं. पारंपरिक आयआरए, म्हणजे वैयक्तिक निवृत्तीखातं, त्यातल्या पैशावर अजून कर भरलेला नाही. मुलांनी काढला की तो त्यांच्या उत्पन्नात धरला जातो. शिवाय २०२०पासूनच्या नियमाने बहुतेक मुलांना मृत्यूनंतरच्या दहाव्या वर्षाच्या अखेरीपर्यंत खातं रिकामं करावं लागतं, तेही त्यांच्या भर कमाईच्या काळात. २४ टक्क्यांच्या टप्प्यात ५०,००० डॉलरमधले १२,००० फेडरल करातच जातात. करमाफ फाउंडेशनच्या हातात पुरे ५०,००० पडतात. म्हणून रॉथ (आधीच कर भरलेल्या पैशाचं निवृत्तीखातं) आणि घर मुलांना, आणि देणगी या खात्यातून, हेच शहाणपणाचं. तरी रात्री डोळा लागत नाही. वाटा तो वाटाच.

नावाची मात्र फार काळजी घ्यायला हवी. फ्रॅटर्निटी स्वतः कर कायद्यात सहसा ५०१(सी)(७), म्हणजे सोशल क्लब. अशा रकमेवर करमाफी मिळते ती तिच्या ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय, फाउंडेशनला. दोन्हींची नावं जवळजवळ सारखी असतात. त्यामुळे पूर्ण कायदेशीर नाव आणि नऊ आकडी ईआयएन (संस्थेचा कर-क्रमांक), दोन्ही लिहायचं. मृत्युपत्रात लिहून भागत नाही, चालतो तो फॉर्म. २००९मध्ये ड्यूपाँट कंपनीच्या कर्मचारी बचत योजनेच्या खटल्यात अमेरिकी सुप्रीम कोर्टाने हेच ठरवलं. घटस्फोटात बायकोने हक्क सोडला होता, पण फॉर्मवर नाव तिचंच राहिलं होतं, आणि पैसे तिलाच गेले. ४०१(के)मधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती योजनेतून, द्यायचं तर माझ्या बायकोची लेखी संमती लागेल, नोटरीसमोर किंवा योजनेच्या प्रतिनिधीसमोर. ती देईल. तिच्याशी बोलायचं मात्र राहिलंय.

मुलं आणि संस्था एकाच खात्यावर ठेवणं त्रासाचं. मृत्यूनंतरच्या वर्षी ३० सप्टेंबरपर्यंत संस्थेचा वाटा चुकता झाला नाही, तर मुलांची दहा वर्षांची मुदत धोक्यात येऊ शकते. आणि काही कस्टोडियन, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या कंपन्या, संस्थेला आधी त्यांच्याकडे खातं उघडायला लावतात, पदाधिकाऱ्यांची वैयक्तिक माहिती मागतात, त्यात महिने जातात. त्यापेक्षा देणगीपुरता वेगळा आयआरए काढावा, रक्कम कस्टोडियनकडून थेट वळवावी आणि नव्या खात्याचा फॉर्म नव्याने भरावा, कारण जुन्या फॉर्मवरची नावं नव्या खात्यावर आपोआप येत नाहीत. तिथे फाउंडेशनपुढे १००, मुलांच्या खात्यावर फक्त मुलं. पैसा तोच, तरी एवढ्या वेगळेपणाने मन पुष्कळ निवलं.

उरला ओळखीचा प्रश्न. चॅप्टर बंदही पडतात. म्हणून फाउंडेशनला लेखी कळवायचं: चॅप्टर राहिला नाही तर ही रक्कम शिष्यवृत्तीला जावी. घराच्या दुरुस्तीला हा पैसा सरसकट लावता येत नाही, अभ्यासिकेसारख्या शैक्षणिक भागालाच चालतो. तसंच असू दे. फी भरली गेली की पुरे, त्या पोराला माझं नाव माहीत नसलं तरी चालेल.

आणि सगळंच मागे ठेवायला हवं असंही नाही. वयाची साडेसत्तर झाली की आयआरएतून थेट देता येतं; २०२५मध्ये वर्षाची मर्यादा १,०८,००० डॉलर होती. ४०१(के)मधून ही सोय नाही. चेक फाउंडेशनच्याच नावाचा हवा. पैसे आधी माझ्या बँकखात्यात आले तर ते माझं करपात्र उत्पन्न ठरतं. पहिली रक्कम लहानशीच पाठवीन.