पिकअपचे ऑईल कमी होते तेव्हा: टर्बोला दोष देण्याआधी

डिझेल पिकअपचे इंजिन ऑईल डिपस्टिकवर खाली सरकू लागले आणि टर्बोला, म्हणजे धुराच्या वायूंच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबणाऱ्या यंत्राला, जोडलेल्या होज पाइपवर बोट फिरवताच ते काळे-ओले झाले, की निदान बहुधा तिथेच थांबते: टर्बो गेला. मला हे निदान घाईचे वाटते. ऑईल टर्बोजवळ दिसते हे खरे, पण ते तिथे येण्याचे कारण अनेकदा एअर फिल्टरमध्ये, इंजिनातील वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरमध्ये, टर्बोतून ऑईल परत आणणाऱ्या पाइपमध्ये किंवा खुद्द पिस्टन रिंगांमध्ये दडलेले असते. ते कारण तसेच ठेवून नवा टर्बो बसवला, तर नवाही काही काळाने तसाच ओला होतो आणि मग दोष सुट्या भागाच्या दर्जाला दिला जातो.

सुरुवात मोजमापापासून करावी. गाडी सपाट जागी उभी करून, गरम इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटे थांबून, दर वेळी त्याच पद्धतीने डिपस्टिक पाहिली तरच दोन नोंदींची तुलना करता येते. उतारावर एकदा आणि सपाटीवर एकदा पाहून काढलेला निष्कर्ष निरुपयोगी असतो. पातळी वरच्या खुणेपर्यंत आणून, पुढील हजार किलोमीटरमध्ये किती ऑईल वरून घालावे लागले हे लिहून ठेवावे. डिझेल इंजिन थोडे ऑईल जाळतेच. काही निर्मात्यांच्या पुस्तिकांमध्ये हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा खपही मान्य मर्यादेत धरलेला असतो. खप मर्यादेत असेल आणि होज पाइप केवळ तेलकट असेल, तर काळजीचे फारसे कारण नाही.

डीपीएफ, म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या गाड्यांमध्ये या मोजमापाला एक फसवी बाजू आहे. फिल्टरमधील काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते आणि गाडी सतत थोड्या अंतराची धावत असल्यामुळे ही प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर त्यातील काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत, उतरते. अशा वेळी इंजिन ऑईल खात असूनही डिपस्टिकवरील पातळी स्थिर दिसते, कधी वाढलेलीही दिसते. वाढलेली पातळी ही चांगली बातमी नव्हे. ऑईल पातळ झालेले असते आणि टर्बोच्या बेअरिंगला त्याचाच सर्वात आधी त्रास होतो.

मोजमाप झाले की ऑईल बाहेर गळते की आत जळते हे ठरवावे. बाहेरची गळती शोधण्यासाठी इंजिन आधी स्वच्छ धुऊन कोरडे करणे अपरिहार्य आहे, कारण जुन्या चिकट थरावर नवी गळती ओळखता येत नाही. ऑईल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि वाऱ्याने मागे सरकते, म्हणून सर्वात खालचा थेंब नव्हे तर सर्वात वरची आणि सर्वात पुढची ओली जागा शोधायची असते. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून उतरलेले ऑईल गिअरबॉक्सच्या सांध्यावर जमते आणि क्रँकचे मागचे ऑईल सील गेल्याचा भास होतो. त्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत असल्याने हा भास फार महाग पडतो. ऑईल फिल्टरचे बूड, व्हॅक्यूम पंपाचा जोड, ऑईल कूलरचे गॅस्केट आणि टर्बोला ऑईल पुरवणाऱ्या पाइपचे तांब्याचे वायसर या जागा आधी पाहाव्यात. काही सापडले नाही तर ऑईलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग आणि अतिनील दिवा यांचा उपयोग होतो. कूलंटच्या टाकीत तेलकट तवंग दिसला तर ऑईल कूलर किंवा हेड गॅस्केटकडे वळावे.

आता टर्बोकडे. टर्बोच्या सीलविषयीचा गैरसमज दूर झाल्याशिवाय पुढचे निदान नीट होत नाही. तिथे क्रँकला असते तसे रबराचे सील नसते. मिनिटाला लाखाच्या पुढे फेरे घेणाऱ्या आणि एका बाजूने तापलेल्या वायूंना तोंड देणाऱ्या शाफ्टवर रबर टिकणारच नाही. त्या जागी पिस्टन रिंगसारखी धातूची बारीक कडी असते आणि ती ऑईल पूर्णपणे अडवत नाही. अडवण्याचे खरे काम दाबाचा फरक करतो: शाफ्टच्या दोन्ही टोकांवरील पात्यांच्या चक्रांमागे हवेचा किंवा वायूचा दाब अधिक असतो, मधल्या बेअरिंगच्या भागात तो कमी असतो, त्यामुळे वाहण्याची दिशा आतल्या बाजूला राहते. बेअरिंगमध्ये दाबाने आलेले ऑईल तिथे घुसळून फेसाळते आणि पुढे कोणत्याही पंपाशिवाय, केवळ स्वतःच्या वजनाने, परतीच्या पाइपातून चेंबरमध्ये उतरते. परतीचा पाइप पुरवठ्याच्या पाइपापेक्षा कितीतरी जाड आणि शक्य तितका उभा असतो तो याचमुळे. दाबाचा हा तोल बिघडला, की निर्दोष टर्बोही ऑईल बाहेर टाकतो.

म्हणून ऑईल कोणत्या टोकाला येते हे पाहणे हा मला या निदानातील सर्वात मोलाचा टप्पा वाटतो. केवळ हवेच्या, म्हणजे कॉम्प्रेसरच्या बाजूने ऑईल येत असेल तर एअर फिल्टर तुंबलेला आहे का, फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा पाइप आत चिमटला जातो का, हे पाहावे. ओढ वाढली की चक्रामागचा दाब घटतो आणि ऑईल तिकडे खेचले जाते. टर्बोच्या पुढे इंटरकूलरकडे (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा पाइप फाटलेला असेल तरीही साधारण तसेच घडते, शिवाय टर्बो गरजेपेक्षा वेगाने फिरतो ते वेगळेच. दोन्ही टोकांना ऑईल दिसत असेल तर टर्बोचा विचार बाजूला ठेवून परतीचा पाइप आणि क्रँककेसमधील (इंजिनात क्रँकभोवती असलेल्या पोकळीतील) दाब तपासावा. केवळ सायलेन्सरच्या बाजूने येत असेल तर तासन् तास आयडलवर (अॅक्सिलरेटर न दाबता) चालणारे इंजिन, उष्णतेने झिजलेली कडी किंवा बेअरिंग यांचा संशय घ्यावा.

कॉम्प्रेसरच्या बाजूविषयी आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. बहुतेक डिझेल इंजिनांत क्रँककेसमधील वाफ ब्रीदरच्या नळीतून टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात सोडलेली असते आणि या वाफेत ऑईलचे बारीक तुषार असतात. त्यामुळे इंटरकूलरच्या आतील भिंतीवर ऑईलचा पातळ थर असणे नेहमीचेच. फरक ओळखण्यासाठी टर्बोच्या तोंडावरचा पाइप काढून पाहावे. ब्रीदर जिथे मिळतो तिथपासूनच पाइप आणि चक्राची पाती ओली असतील, तर ऑईल ब्रीदरमधून येत आहे. तोंड कोरडे आणि पुढचा पाइप ओलाचिंब असेल, तरच टर्बोवर बोट ठेवता येते. एवढी तपासणी स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च यांवर होते, तरीही ती टाळून थेट टर्बो उतरवण्याचा आग्रह का धरला जातो हे मला अनाकलनीय आहे.

ब्रीदरमधून ऑईल फार येत असेल तर प्रश्न इंजिनच्या आत जातो. मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, ते म्हणजे रिंगांच्या फटीतून खाली निसटणारा वायू. तो वाढला की ब्रीदरमधून तुषारांऐवजी ऑईलच उडू लागते आणि क्रँककेसमधील दाबामुळे टर्बोचे परतीचे ऑईल वरच अडून राहते. ऑईल भरण्याचे झाकण उलटे ठेवून ते किती थरथरते हे पाहण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे, परंतु इंजिनागणिक तिचा अर्थ बदलतो. डिपस्टिकच्या नळीला जोडलेला कमी दाबाचा मापक किंवा पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी हे अधिक विश्वासाचे साधन आहे. मात्र दाब वाढलेला आढळला म्हणून लगेच रिंगांचा निकाल लावू नये. ब्रीदरचा ऑईल वेगळे करणारा भाग तुंबला असेल, तर निरोगी इंजिनातही दाब वाढतो. ऑईल खुणेच्या वर भरलेले असल्यास परतीच्या पाइपाचे तोंड बुडून तोच परिणाम दिसतो. ब्रेक बूस्टरच्या नळीतील गळतीमुळे व्हॅक्यूम पंप सतत हवा ओढून क्रँककेसमध्ये सोडत राहतो, ही शक्यता तर सहसा कोणाच्या लक्षातच येत नाही. हे सारे तपासून झाल्यावर मग कॉम्प्रेशनची चाचणी करावी.

सायलेन्सरच्या बाजूचा निवाडा तुलनेने सरळ आहे. टर्बो सोडवून एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या आत पाहावे. टर्बोच्या आधीचा हा भागच ओला असेल तर ऑईल सिलिंडरमधून येत आहे, आणि एखाद-दुसरेच पोर्ट ओले असेल तर कोणता सिलिंडर हेही कळते. मॅनिफोल्ड कोरडा आणि टर्बोनंतरचा पाइप ओला असेल तर दोष टर्बोच्या टोकाचा. धुराचा रंग याला पूरक पुरावा देतो, पण एकट्या धुरावर भिस्त ठेवू नये: रात्रभर उभ्या गाडीने पहिल्या स्टार्टला सोडलेला निळा धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलकडे निर्देश करतो, तर बराच वेळ आयडलवर राहून अॅक्सिलरेटर दाबताच येणारा निळा लोट व्हॉल्व्ह सील आणि टर्बो या दोघांपैकी कोणाचाही असू शकतो.

शाफ्टचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासताना इंजिन थंड आणि बंद असावे. साध्या बेअरिंगच्या टर्बोत शाफ्ट ऑईलच्या थरावर तरंगतो, त्यामुळे इंजिन बंद असताना तो आडवा थोडा हलणे स्वाभाविक आहे. या हालचालीला घाबरून असंख्य चांगले टर्बो काढले गेले असतील. हलवताना पाती घराच्या भिंतीला टेकतात का, भिंतीवर घासल्याचे ओरखडे आहेत का, हा खरा प्रश्न. पुढे-मागे होणारी हालचाल मात्र बोटाला जेमतेम जाणवावी. ती स्पष्ट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेले आहे आणि तो टर्बो बदलावाच लागेल.

या शोधात दिरंगाई चालत नाही अशी एक स्थिती आहे. इंटरकूलरमध्ये ऑईल साचले आणि चढावर किंवा जोराच्या वेगात ते एकदम इंजिनात ओढले गेले, तर डिझेल इंजिन ते इंधन म्हणून जाळू लागते आणि चावी बंद केली तरी थांबत नाही, उलट स्वतःच वेग वाढवत जाते. हाताने गिअर टाकायच्या गाडीत वरचा गिअर टाकून, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडणे हा इंजिन गुदमरवण्याचा उपाय आहे. हवेच्या पाइपाच्या तोंडावर हात किंवा फडके कधीही धरू नये, आणि इंजिन आवाक्याबाहेर गेले असेल तर जवळ उभे राहू नये. इंटरकूलरच्या खालच्या पाइपातून ऑईल ओतले जाईल इतके निघाले, तर दुरुस्तीपर्यंत गाडी उभीच ठेवलेली बरी.

टर्बो बदलायचेच ठरले तर पुरवठ्याचा पाइप नवा घ्यावा, कारण त्यातील जळलेल्या ऑईलची कोळशी साफ केल्यानंतरही आत उरते. परतीच्या जोडाला सिलिकॉन लावू नये. दाबून बाहेर आलेला त्याचा तुकडा पाइप अरुंद करतो आणि नवा टर्बो पहिल्या दिवसापासून गळू लागतो. बसवताना बेअरिंगमध्ये स्वच्छ ऑईल घालून शाफ्ट हाताने फिरवावा. इंटरकूलर आणि पाइप सोडवून आतून धुवावेत, नाहीतर जुने ऑईल पुढे कित्येक दिवस धुराच्या रूपाने निघत राहील आणि नवे काम फसल्याची शंका येत राहील. त्यानंतर पहिल्या हजार किलोमीटरची ऑईलची नोंद पुन्हा त्याच पद्धतीने घ्यावी.